सकळ लिपी ते झाकलेला कोड



हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैलांचा सौदा होताना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दोघं जण समोरासमोर उभे राहतात, हातांवर टॉवेल किंवा धोतराचा सोगा टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. भोवती वीस माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांनाच कळतो. सौदा सगळ्यांसमोर होतो आणि तरी गुप्त राहतो.

मुलांची अशीच एक युक्ती म्हणजे ‘च’ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि त्याच्या जागी ‘च’ बसवायचा. ‘मला भूक लागली’चं होतं ‘चला म चूक भ चागली ल’. ज्याला नियम माहीत आहे तो हसतो, बाकीचे तोंडाकडे बघत राहतात.

आपल्या मंडळातली कितीतरी मुलं आज बीदरला, कलबुर्गीला नाहीतर पुण्या-हैदराबादला कॉम्प्युटर सायन्स शिकतात. त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, “कोड ऑब्फस्केशन म्हणजे नेमकं काय? ते एन्क्रिप्शनच ना? आणि त्याचा आपल्याशी काय संबंध?” उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की या विषयाची एक मोठी गोष्ट मराठीतच घडून गेली आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सहाशे वर्षं कुलपात राहिलेली मराठी

तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ उभा केला. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या, तेच ‘लीळाचरित्र’. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून आपण ते ओळखतो. महदंबेचे ‘धवळे’, नरेंद्राचं ‘रुक्मिणीस्वयंवर’, भास्करभट्ट बोरीकरांचा ‘शिशुपाळवध’ ही सगळी याच पंथाची देणगी.

पुढे चौदाव्या शतकात पंथातल्या लोकांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणजे सकळ लिपी. ती रवळोबासांनी तयार केली असं परंपरा सांगते. सुंदरी लिपी, अंकलिपी अशा आणखीही बऱ्याच लिप्या पंथाच्या निरनिराळ्या शाखांत होत्या. पद्धत साधारण एकच होती. ठरलेल्या अक्षराच्या जागी दुसरं ठरलेलं अक्षर किंवा खूण लिहायची. किल्ली फक्त दीक्षा घेतलेल्यांकडे असायची.

हे कशासाठी केलं, याची कारणं अभ्यासक वेगवेगळी देतात. देवगिरीचं राज्य बुडालं होतं, काळ धामधुमीचा होता. शास्त्र पवित्र, ते अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये ही भावना होती. वैदिक परंपरेशी मतभेदही होते. कारण कोणतंही असो, परिणाम स्पष्ट होता. पोथ्या मठांत सुरक्षित राहिल्या. पंथ पंजाबपर्यंत गेला, तिथे तो जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्याबरोबर मराठी पोथ्याही तिकडे गेल्या. पण बाकीच्या मराठी समाजाला आपल्या भाषेतलं इतकं जुनं गद्य अस्तित्वात आहे याचाच पत्ता नव्हता. उलट जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक संशय घेतात. महानुभावांच्या वाट्याला तो संशय शतकानुशतकं आला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडून दाखवली. पंथातल्या काही महंतांनीही अभ्यासकांना मदत केली. मग वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा अभ्यासकांच्या कष्टांनी हे साहित्य छापून लोकांपुढे आलं. मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्यानं लिहावा लागला. एक गंमत अशी, की कुलपात राहिल्यामुळे या ग्रंथांची भाषाही बरीचशी जुन्याच रूपात टिकली. जे ग्रंथ सगळ्यांच्या हाती फिरले, त्यांची भाषा नकला करणाऱ्यांनी आपापल्या काळाप्रमाणे बदलत नेली होती.

आता या गोष्टीकडे कॉम्प्युटरवाल्याच्या नजरेनं पाहू. सकळ लिपी म्हणजे एन्क्रिप्शन. कुलूप आणि किल्ली. किल्ली नसेल तर पोथीचा उपयोग शून्य, ती फक्त कागदाची चवड. किल्ली मिळाली की पोथी पूर्ण उघडी. अधलंमधलं काही नाही. आणखी एक, किल्ली सगळ्या पोथ्यांना एकच होती, त्यामुळे एकदा उलगडा झाला की त्या लिपीतलं सगळंच उलगडलं. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी याबाबत एक नियम मांडला, तो आजही पहिल्याच तासाला शिकवतात: पद्धत शत्रूला ठाऊक आहे असंच धरून चाला, गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली, आणि ती बदलता आली पाहिजे.

येसराचं गुपित

ऑब्फस्केशन वेगळं आहे. त्यात वस्तू वापरायला पूर्ण मोकळी असते, पण ती आतून कशी बनली ते झाकलेलं असतं.

आपल्या घरचं येसर घ्या. शेजारणीला डबाभर दिलं तर तिला किल्ली लागत नाही. आमटी तिच्याही घरी तशीच होते. पण कोणती डाळ किती भाजली, धने किती, आधी काय घातलं, हे पुडीकडे बघून तिला सांगता येईल का? दळल्यावर सगळं एक झालं. गुपित तिच्या स्वयंपाकघरात आहे, रोज वापरात आहे, आणि तरी तिच्या हाती लागत नाही.

शब्दांच्या दुनियेतही असं उदाहरण आहे आणि ते तर आपल्याच जिल्ह्यातलं. बाराव्या शतकात कल्याणच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, अनुभवमंटपाचे अध्यक्ष अल्लमप्रभू होते. त्यांच्या काही वचनांना कन्नडमध्ये ‘बेडगिन वचन’ म्हणतात. शब्द साधे, रोजच्या बोलण्यातले. कन्नड येणारा कोणीही ते वाचू शकतो. पण अर्थ काय, यावर पंडितांनी टीका लिहिल्या. तिथे लिपी लपवलेली नाही, अर्थ झाकलेला आहे. महानुभावांनी पोथीला कुलूप घातलं, अल्लमप्रभूंनी दार सताड उघडं ठेवून घरच चक्रव्यूहासारखं बांधलं.

प्रोग्रामच्या बाबतीत हे रोज घडतं. तुमच्या फोनमधलं बँकेचं अ‍ॅप घ्या. त्याचा कोड तुमच्याच फोनवर आहे, कारण त्याशिवाय ते चालणारच नाही. थोडी खटपट केली तर कोणीही तो उघडून पाहू शकतो. म्हणून कंपन्या कोड बाहेर सोडण्यापूर्वी त्याचा चेहरामोहरा बदलतात. ‘खात्यातीलशिल्लक’ असं अर्थपूर्ण नाव काढून नुसतं ‘अ’ ठेवतात, ‘व्याजमोजा’चं ‘ब’ करतात. सरळ रस्त्याऐवजी दहा वळणं घालतात, कधीच न चालणाऱ्या ओळी घुसडतात. अँड्रॉइडवर नावं बदलण्याचं काम ‘आर८’ नावाचं साधन करतं. मजेखातर असा कोड लिहिण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धासुद्धा १९८४ पासून आहे. सी भाषेत सगळ्यात अनाकलनीय पण चालणारा प्रोग्राम लिहायचा आणि बक्षीस मिळवायचं!

पण हे खरं संरक्षण नाही, उशीर आहे. एखाद्या सुगरणीच्या जिभेला येसरातले पदार्थ ओळखू येतातच. तसा चिकाटीचा अभियंता आठवड्याभरात नाही तर महिन्याभरात कोडचा उलगडा करतो. मग गणितज्ञांनी प्रश्न विचारला: कितीही हुशार माणूस आला आणि त्यानं कितीही मोठा संगणक लावला, तरी उलगडणार नाही असं झाकता येईल का? आणि ते नुसतं वाटून नाही, सिद्ध करून?

‘अशक्य’ ते ‘शक्य’

प्रश्न जुना आहे. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ च्या ज्या निबंधात सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली, त्यातच सुचवलं होतं की गुप्त किल्ली पोटात असलेला प्रोग्राम नीट गुंतागुंतीचा करता आला तर तो सगळ्यांना उघड वाटता येईल. तेव्हा ते कसं करायचं हे कोणालाच येत नव्हतं.

२००१ मध्ये बोअझ बराक, ओडेड गोल्डराइख, रसेल इम्पालियाझो, स्टीव्हन रुडिक, अमित सहाय, सलिल वधान आणि के यांग या सात जणांनी धक्का दिला. त्यांनी सिद्ध केलं की परिपूर्ण झाकणं, म्हणजे कोणताही प्रोग्राम अगदी काळ्या पेटीसारखा करणं, सर्वसाधारणपणे अशक्य आहे.

त्यांची युक्ती सोपी करून सांगतो. समजा पोटात एक गुपित असलेला प्रोग्राम आहे. त्याचा एक विचित्र नियम आहे: ‘माझ्यासारखंच वागणारा प्रोग्राम जर कोणी मला आणून दिला, तर मी गुपित सांगून टाकीन.’ बाहेरून नुसते प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे असा प्रोग्राम नाही, त्यामुळे त्याला गुपित मिळत नाही. पण ज्याच्या हाती झाकलेली प्रत आहे, तो काय करेल? तीच प्रत तिलाच खायला घालेल! कितीही झाकली तरी ती वागते मूळ प्रोग्रामसारखीच. गुपित बाहेर.

या ‘नाही’नंतर त्याच निबंधात एक नम्र पर्याय दिला होता. समजा दोन प्रोग्राम अगदी एकच काम करतात. शाळेतलं उदाहरण घ्या, १ पासून १०० पर्यंतच्या आकड्यांची बेरीज. एक प्रोग्राम एकेक आकडा मिळवत जातो, दुसरा १०० ला १०१ नं गुणून निम्मं करतो. दोघांचंही उत्तर ५०५०. दोघांचा आकार सारखा करून दोन्ही झाकले, तर झाकलेल्या प्रतीकडे बघून मूळ कोणतं हे कोणालाही ओळखता येऊ नये. बस, एवढीच मागणी. याला म्हणतात इंडिस्टिंग्विशेबिलिटी ऑब्फस्केशन, थोडक्यात आयओ. दोन घरांनी वेगवेगळ्या क्रमानं भाजून-दळून अगदी एकाच चवीचं येसर केलं, आणि पुडीवरून घर ओळखता आलं नाही, तसं.

पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं, याचा उपयोग काय? दोन्ही एकच काम करतात, मग कोणतं ओळखलं तरी काय बिघडलं? पण जरा थांबून विचार करा. माझ्या प्रोग्रामच्या पोटात गुपित आहे. समजा तेच काम करणारा असा दुसरा एखादा प्रोग्राम असू शकतो, ज्याच्या पोटात ते गुपित नाहीच. मी त्या दुसऱ्याला कधी पाहिलेलं नसलं तरी चालेल. झाकल्यावर माझा आणि त्याचा फरक कळत नसेल, तर माझ्या प्रतीतूनही गुपित काढता येणार नाही, कारण काढता आलं असतं तर त्यावरूनच फरक कळला असता! शफी गोल्डवासर आणि गाय रॉथब्लम यांनी २००७ मध्ये हाच मुद्दा नेमका करून दाखवला: जितकं झाकणं शक्य आहे, तितकं आयओ झाकतंच.

२०१३ मध्ये संजम गर्ग, क्रेग जेंट्री, शाय हालेवी, मरियाना रायकोवा, अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स यांनी आयओची पहिली रचना पुढे ठेवली. गर्ग आयआयटी दिल्लीचे विद्यार्थी. सगळीकडे उत्साह पसरला. पण त्या रचनेचा पाया असलेलं गणित नवं होतं, पारखलेलं नव्हतं. पुढच्या काही वर्षांत त्या पायावर हल्ले झाले. कोणीतरी रचना मांडायची, कोणीतरी मोडायची, मग डागडुजी, मग पुन्हा मोडतोड, असा काळ गेला.

ऑगस्ट २०२० मध्ये आयुष जैन, हुइजिया लिन आणि अमित सहाय यांनी जी रचना मांडली, तिनं चित्र बदललं. तिची सुरक्षा चार गृहीतकांवर उभी होती आणि ती चारही तज्ज्ञांनी आधीपासून तपासलेली, विश्वासातली होती. त्यांतल्या एका प्रकाराची कल्पना दहावीच्या मुलांनाही येईल. एकसामयिक समीकरणं तुम्ही चुटकीसरशी सोडवता. पण समजा शेकडो चलं आहेत, हजारो समीकरणं आहेत, आणि त्यांतल्या काहींची उत्तरं मुद्दाम थोडी चुकवलेली आहेत. कोणती, ते सांगितलेलं नाही. आता सोडवा! एवढासा गोंधळ घातला की जगातले मोठे संगणकही अडकतात. या संशोधनाला २०२१ च्या ‘स्टॉक’ या नामांकित परिषदेत सर्वोत्कृष्ट निबंधाचा मान मिळाला.

मग हे उद्या आपल्या फोनमध्ये येणार का? नाही. आजच्या घडीला या पद्धतीनं झाकलेला साधासा प्रोग्रामही वापरण्याजोग्या वेळात चालत नाही. शिवाय त्या चारांपैकी एक गृहीतक मोठ्या क्वांटम संगणकापुढे टिकणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून त्याशिवायची रचना शोधणं चालू आहे. पण शक्य की अशक्य हा प्रश्न सुटला की कितीची गती, कितीचा खर्च हे प्रश्न पुढच्या पिढीचे होतात. म्हणजे तुमचे!

उपयोग काय होतील? कल्पना करा, जिल्ह्यातल्या दवाखान्यांच्या नोंदी कुलूपबंद आहेत. एक झाकलेला प्रोग्राम आहे, ज्याच्या पोटात किल्ली आहे, पण तो फक्त ‘या महिन्यात डेंग्यूचे रुग्ण किती’ एवढंच उत्तर देतो. कोणाचं नाव विचारलं तर देत नाही, आणि प्रोग्राम फोडून किल्लीही काढता येत नाही. आज असं काम करायचं तर कोणावर तरी विश्वास ठेवावा लागतो. उद्या गणितावर ठेवता येईल.

झाकलेलं सगळं सज्जन नसतं

आता घरातली गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून, वाहनाचा दंड म्हणून किंवा सरकारी योजनेचा फॉर्म म्हणून ‘.एपीके’नं संपणाऱ्या फायली फिरतात. ती पत्रिका नसते, अ‍ॅप असतं. बसवलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि मग ओटीपी परस्पर पळतात. असे प्रोग्रामही आपला कोड झाकतात, तपासणाऱ्याला लवकर कळू नये म्हणून. बँकही झाकते, चोरही झाकतो. पडद्यावरून दोघं ओळखता येत नाहीत.

म्हणून कोड न वाचता पारखायची सवय लावून घ्या आणि आजी-आजोबांनाही लावा. अ‍ॅप आलं कुठून? अधिकृत स्टोअरमधून की फॉरवर्ड होऊन? पत्रिकेला एसएमएस वाचायची परवानगी कशाला लागते? ओळखीच्या नंबरावरून आलं म्हणजे ओळखीच्यानंच पाठवलं असं नाही, त्याचाही फोन गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या तासाला फार किंमत असते.

किल्ली कोणाकडे आहे?

महानुभावांच्या पोथ्या वाचल्या, कारण किल्ली जाणणारी माणसं शिल्लक होती. हा मुद्दा मला आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा वाटतो.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथल्या कितीतरी घरांत जुन्या पेट्यांमध्ये मोडीतले कागद आहेत. शेताचे, वाटणीचे, देवस्थानाचे, कुणाच्या कर्जाचे. मोडी ही काही गुप्त लिपी नव्हती. ती भरभर लिहिण्याची, रोजच्या कामकाजाची लिपी होती. कोणी ती आपल्यापासून लपवली नाही. वाचणारे संपत गेले, एवढंच झालं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. शाळा कन्नड आणि इंग्रजी झाल्या, आणि ते योग्यच, इथे राहायचं तर कन्नड उत्तम आलंच पाहिजे. पण आज आपल्याच काही घरांत आजीनं देवनागरीत लिहिलेलं पत्र नातवाला वाचता येत नाही. आजीनं काहीच झाकलं नव्हतं, तरी ते पत्र नातवाला सकळ लिपीच झालं आहे.

संशोधक रात्रंदिवस खपतात की वस्तू हातात असूनही अर्थ कळू नये. आपण काहीच न करता तेच साधतो! फरक एवढाच, की त्यांच्याकडे किल्ली जपून ठेवलेली असते.

तेव्हा या सुट्टीत एक काम करा. घरातले जुने कागद बाहेर काढा, सावलीत पसरा, फोननं स्वच्छ फोटो घ्या. कागद कोणाचा, कुठे सापडला, घरातल्या मोठ्यांना त्याबद्दल काय आठवतं, हे फाइलच्या नावासकट लिहून ठेवा. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, म्हणजे ती संगणकावर लिहिताही येते. मोडी शिकणं दोन-तीन महिन्यांच्या चिकाटीचं काम आहे. ज्यांनी तीन प्रोग्रामिंग भाषा शिकल्या त्यांना ते अवघड नाही. कागद जमीनजुमल्याचे असतील तर फोटो कुठेही पसरवू नका, घरातच ठेवा. काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं, हे आपल्या हातात असलं म्हणजे झालं.

आणि हो, छोट्या दोस्तांसाठी निरोप: चुढच्या प चहिन्यात म चेटू भ!